नुसता नंबर देऊन भागत नाही

'कंपनीने समुपदेशकाचा नंबर दिलाय, आता बोलायचं की नाही हे कर्मचाऱ्याने ठरवावं' हे कामावरच्या मानसिक ताणाबद्दल मांडलं जाणारं मत मला अर्धंच पटलं. आमच्या टीममधल्या एकीने तो नंबर मोबाइलमध्ये सेव्ह केला होता, पण आठ महिने लावला नाही. साहेबांना कळलं तर, ही धास्ती! शेवटी तिच्या रात्रपाळ्या कमी झाल्या, तेव्हा कुठे तिला धड झोप लागायला लागली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावरच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाच्या रचनेतले धोके कमी करा, व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्या, असंच म्हटलंय. नैराश्य आणि चिंतेपायी जगभरात वर्षाला सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, हा अंदाजही त्यांचाच. म्हणून कामाची ठिकाणं तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकांनी यंत्रांसोबत पाळ्यांचं वेळापत्रकही तपासायलाच हवं.