पवनचक्क्यांच्या पठारावर रस्ता चुकलो, त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

बी-२०२, रात्री ९:१०
नमस्कार. काल संध्याकाळी आमचा फोन लागत नव्हता म्हणून बऱ्याच जणांनी चौकशी केली, आईंना येऊन धीर दिला. आम्ही चौघंही सुखरूप आहोत. काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण आता कासला फुलं येतील, आपल्यातल्या निम्म्या गाड्या डोंगरात जातील.

पाटणला मेव्हण्यांकडं जायचं होतं. उंब्रजवरून हायवेनं नेहमीच जातो, म्हणून या वेळी ठोसेघर बघून चाळकेवाडीच्या पठारावरूनच पलीकडं उतरायचं ठरवलं. पठारावर पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. ऊन होतं. अर्ध्या तासात असं धुकं आलं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. फोनमधल्या नकाशानं उजवीकडं वळायला सांगितलं, वळलो. रस्ता चांगला रुंद, मुरमाचा. दीडेक किलोमीटरवर एकदम समोर पवनचक्कीचा खांब, आणि रस्ता तिथंच संपला. मागं आलो, दुसरा फाटा घेतला, तिथंही खांब. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर आपण मूळ रस्त्यापासून कुठल्या बाजूला आलोय हेच कळेना. रेंज नाही. धाकटी रडायला लागली. सहा वाजले, आणि डावं चाक चरात गेलं.

ए-३०१ काकू
अरे देवा. मग?

बी-२०२
पवनचक्कीवरचा वॉचमन बॅटरी घेऊन आला. इंजिनाचा आवाज ऐकून आला म्हणाला. त्यानं आणि मी दगड लावून गाडी काढली, आणि तो स्वतः पुढं चालत डांबरी रस्त्यापर्यंत आला. निघताना एकच सांगितलं, "साहेब, काळं डांबर सोडू नका. मुरूम लागला की माघारी." पाटणचा नाद सोडला आणि आल्या वाटेनं सातारला परत आलो. घरी पोचायला साडेनऊ झाले.

सी-१०४
सुखरूप आलात हे महत्त्वाचं दादा. पण नकाशावर जो रस्ता दिसतो तो बंद कसा निघाला? तेच कळत नाही.

सी-१०१ अण्णा
मी सांगतो. फॉरेस्टात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच कोयनेच्या बाजूला.

पवनचक्की उभी करायची तर तिची पाती, खांबाचे तुकडे, क्रेन हे सगळं वर न्यावं लागतं. त्यासाठी प्रत्येक खांबापर्यंत रुंद रस्ता काढतात. काम झालं की तो रस्ता फक्त देखभालीच्या गाडीपुरता उरतो. वरून काढलेल्या फोटोत मात्र तो गावच्या रस्त्यापेक्षाही ठळक दिसतो. झाडाच्या मुख्य फांदीला डहाळ्या असतात तशी ही रचना आहे, आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला एक पवनचक्की. नकाशा खोटं बोलत नाही. तिथं रस्ता आहे एवढंच तो सांगतो. तो पुढं जातो का, आणि श्रावणात त्यावरून आपली गाडी जाईल का, हे त्याला ठाऊक नसतं.

तिथं पुन्हा अडकलात तर खांब बघा. बहुतेक खांबांवर मोठ्या अक्षरात नंबर रंगवलेला असतो. फोन लागला की तो नंबर सांगा. "धुक्यात आहोत, सगळीकडं पवनचक्क्या आहेत" यापेक्षा शंभर पटीनं उपयोगी.

बी-२०२
नंबर होता अण्णा. डोळ्यासमोर होता. सुचलंच नाही.

डी-२०३
मी शिराळ्याचा. आमच्याकडं चांदोलीच्या बाजूला याचं दुसरं रूप बघायला मिळतं. वारणेचं धरण झालं, पुढं अभयारण्य आणि २००४ ला राष्ट्रीय उद्यान, त्यात आतली गावं उठली. जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सरकारी सर्व्हेच्या नकाशावर, ती गावं आणि त्यांच्या गाडीवाटा अजून तशाच आहेत. नाव वाचून माणसाला वाटतं पुढं गाव आहे, पाणी मिळेल, कुणी भेटेल. तिथं जोती सोडून काही नाही.

सी-१०१ अण्णा
बरोबर. आणि कोयनेच्या शिवसागराचं तर याहून अवघड. धरण भरलं की साठा १०५.२५ टीएमसी. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, बुडालेले जुने रस्ते उघडे पडतात, लोक त्यावरून गाड्याही घालतात. तोच रस्ता सप्टेंबरात पाण्याखाली असतो. मे महिन्यात कुणी "मी गेलो होतो, मस्त रस्ता आहे" असं सांगितलं असेल तर ते मे महिन्यापुरतंच धरायचं. रात्री उतारावर रस्ता एकदम सपाट आणि चकचकीत दिसायला लागला तर तिथंच थांबा आणि उतरून बघा.

ए-१०२
सोपा उपाय आहे. डोंगरात गेलं की फोनमधला नकाशा बंद करायचा. आमच्या वडिलांच्या वेळी कुठं होता? विचारत विचारत जायचे.

सी-१०४
नाही पटलं दादा. फोन बंद करून धुक्यात कुणाला विचारणार? काल दोन तास त्यांना माणूस दिसला नाही. मी ट्रेकला जाते, नकाशामुळं आम्ही दोनदा वाचलोय. फक्त तो घरून तयार करून न्यावा लागतो.

बऱ्याच जणांना वाटतं रेंज गेली की जीपीएस गेलं. तसं नाही. जागा उपग्रहावरून कळते, त्याला सिम लागत नाही. रेंज गेल्यावर जातं ते मागचं चित्र. म्हणून निळा ठिपका कोऱ्या पानावर फिरत राहतो. घरच्या वायफायवर तो सगळा पट्टा आधीच उतरवून ठेवा, आणि उतरवताना नुसता रस्ता नको, दोन्ही बाजूंचा मुलूखही घ्या, नाहीतर चुकल्यावर नेमकं चुकलेलंच पान हातात नसतं. निघायच्या आदल्या दिवशी फोन फ्लाइट मोडवर टाकून उघडून बघा. ठिपका बहुतेक फोनमध्ये त्या मोडमध्येही चालतो. शिवाय टॉवर शोधत बसल्यामुळं बॅटरी जी झपाट्यानं उतरते ती वाचते. मधूनमधून मोड काढून रेंज तपासायची.

दाट झाडीत किंवा खोल दरीत ठिपका उडी मारतो, कधी शेजारच्या रस्त्यावर जाऊन बसतो. अशा वेळी लगेच वळू नका. मोकळ्यावर थांबून मिनिटभर स्थिर होऊ द्या.

ए-१०२
हे माहीत नव्हतं. सिमशिवाय चालतं हे खरंच माहीत नव्हतं.

सी-१०४
आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे त्यांच्या पोर्टलवरून उतरवता येतात. एकास पन्नास हजार प्रमाण, म्हणजे कागदावरचे २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. त्यात उंचीच्या रेषा असतात. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, लांब लांब असल्या की सडा, म्हणजे सपाट पठार. रस्ता त्या चिकटलेल्या रेषांना आडवा छेदत असेल तर तो घाट आहे. अंतर ४ किलोमीटर दिसलं तरी वेळ अर्धा तास धरा.

डी-१०३ भाऊ
मी रस्त्याच्या कामांवर आयुष्य काढलं. माझी एक सवय सांगतो, ती फुकट आहे. किलोमीटरच्या दगडाचं डोकं बघायचं. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, निळं-काळं म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी म्हणजे गावचा. घाटमाथ्यावर हिरव्यावरून नारिंगीवर आलात तर समजायचं की हा एखाद्या गावापुरता रस्ता असू शकतो. त्यात वाईट काही नाही, पण पलीकडं उतरेलच याची खात्री धरायची नाही. आणि बराच वेळ दगडच दिसला नाही तर तो बहुधा कुणीतरी आपल्या कामापुरता काढलेला रस्ता.

दुसरं म्हणजे एसटी. ज्या गावाला मुक्कामी गाडी जाते तो रस्ता कसाही असला तरी वाहता असतो, आणि रात्री अडकलात तरी पहाटे तिथून एक गाडी हमखास खाली येते. निघायच्या आधी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा, या दिवसांत त्या गावाची गाडी चालू आहे का. दरड पडून बंद असेल तर त्यांना सगळ्यात आधी कळतं.

ए-३०१ काकू
हे फार चांगलं सांगितलंत भाऊ. आमचे माहेरचे लोक अजून असंच म्हणतात, "एसटी येती का गावात?" त्यावरनंच रस्ता ठरवतात.

सी-१०१ अण्णा
विचारण्याचीही एक रीत आहे, ती नवीन मंडळींना माहीत नसते. "हा रस्ता बामणोलीला जातो ना?" असं विचारलं की समोरचा "हां, जातो" म्हणतो. त्यात त्याचं वाईट मन नसतं. पाहुण्याला नाही म्हणायचं जिवावर येतं, आणि त्याच्या लेखी पायी जाणं म्हणजेही जाणंच की. विचारायचं असं: "हा रस्ता कुठं जातो?" मग "चारचाकी जाते का?" आणि शेवटी "शेवटची गाडी कधी गेलेली बघितली?" तिसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. दूधवाला, पोस्टमन, आशाताई भेटल्या तर त्यांना विचारा, त्या रोज फिरतात.

कास पठारावरून कुमुदिनी तळ्याकडं जो जुना राजमार्ग जातो, तोही असाच. बघायला रुंद, पुढं महाबळेश्वरचं नाव. पण तो पायी चालायचा. गाडी घालू नका, फुलं चाकाखाली जातात.

बी-४०१
अण्णा, आम्ही रविवारी बामणोलीला चाललोय, मुलांना बोटीत बसवायचंय. येताना अंधार होईल. गवे दिसतात म्हणतात, खरं का?

सी-१०१ अण्णा
दिसतात. रस्त्यावर गवा असेल तर गाडी लांबच थांबवा, लाइट डीम करा, हॉर्न वाजवू नका, खाली उतरू नका. एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागं कळप असतो, पिल्लू असतं. तो आपल्या चालीनं जातो, पाच मिनिटं लागतील. पण ताई, अंधार कशाला करता? बामणोली सोडायची वेळ आधीच ठरवा. पावसाळ्यात मी चारच्या पुढं कुणाला थांबू देत नव्हतो. यवतेश्वरच्या घाटात संध्याकाळी धुकं बसलं की कड कुठं आणि रस्ता कुठं कळत नाही.

पाण्याच्या पलीकडं वासोटा किल्ल्याची बाजू म्हणजे कोयना अभयारण्य. २०१० पासून ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथं परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि चुकून गेलो म्हटलं तरी तुम्हाला शोधायला माणसं जंगलात घालावी लागतात.

बी-२०२
मी कालपासून एकच विचार करतोय. तीन वेळा वळलो, पण एकदाही थांबलो नाही. पहिल्या खांबापाशीच थांबून "शेवटचा ओळखीचा फाटा कुठला?" असं स्वतःला विचारलं असतं तर दीडेक किलोमीटर मागं डांबर होतं.

डी-१०३ भाऊ
म्हणून प्रत्येक ओळखीच्या फाट्यावर ट्रिप मीटर शून्य करायचा. मग किती मागं जायचंय ते आकड्यात कळतं. आणि फाटा ओलांडल्यावर एकदा मागं वळून त्याचा फोटो काढायचा. जाताना जो फाटा दिसतो तो येताना वेगळाच दिसतो.

सी-१०४
अडकलात तर ११२. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर मिळाला की तो कॉल जातो. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. रेंजची एखादी काडी येत-जात असेल तर बोलायचा प्रयत्न करण्यापेक्षा मेसेज पाठवा, तो मिळालेल्या दोन सेकंदांत निघून जातो. त्यात जागेचे आकडे लिहा, नुसती लिंक नको, समोरच्याकडं ती उघडेलच असं नाही. साताऱ्याच्या बाजूला पहिला आकडा १७ नं सुरू होतो, दुसरा ७३ किंवा ७४ नं. टिंबानंतरचे चार अंक तरी लिहा आणि दोनदा तपासा. टिंबानंतरचा दुसरा अंक एकानं चुकला तर शोधणारे किलोमीटरभर लांब जातात.

आणि गाडी सोडून चालत निघू नका. गाडी सापडते, धुक्यात चालणारा माणूस सापडत नाही.

ए-३०१ काकू
मला नकाशातलं काही कळत नाही. पण काल बी-२०२ च्या आई आठ वाजल्यापासून माझ्याकडं बसून होत्या आणि आम्हाला दोघींना एवढंच माहीत होतं की "पाटणला गेलेत". कुठल्या रस्त्यानं, कधी निघाले, काही नाही. पोलिसांना फोन करायचा म्हटलं तर सांगणार काय? तेव्हा मी सांगते, जो डोंगरात जाईल त्यानं निघताना मला मेसेज करायचा. रस्ता, गाडीचा नंबर, बरोबर कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मी काळजी करायची ती वेळ. मी घरीच असते, फोन हातात असतो. त्या वेळेपुढं अर्धा तास बघीन, मग ११२ ला लावीन. उगाच फोन केला म्हणून कुणी मला बोलायचं नाही.

बी-२०२
काकू, आईनं सांगितलं सगळं. ही वेळ पुन्हा तुमच्यावर आणणार नाही.

सचिव
काकूंचा मेसेज ग्रुपवर पिन करतो. भाऊंनी सांगितलेली दगडाच्या रंगांची माहिती कागदावर लिहून खाली बोर्डवर लावू.

बी-४०१, रविवार सकाळी ७:४०
काकू, निघालो. यवतेश्वर, कास, बामणोली, याच रस्त्यानं परत. पांढरी गाडी, नंबर तुम्हाला वेगळा पाठवलाय. आम्ही चौघं आणि सासूबाई. बामणोली ४ ला सोडणार. पेट्रीत आल्यावर फोन करते, तो ६ पर्यंत आला नाही तर बघा.

ए-३०१ काकू
लिहून घेतलं. सासूबाईंना स्वेटर घेतलाय ना?