रोजच्या कामाला कोणता ब्राउझर? नागपूरकरांनो, नेमके अनुभव लिहा

'सगळ्यात फास्ट कोणता' या प्रश्नाआधी इंजिन, म्हणजे वेबपान उभं करणारा ब्राउझरचा आतला भाग, पाहा. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर चालतात. फायरफॉक्सचं गेको वेगळं, सफारीचं वेबकिट वेगळं. त्यामुळे क्रोममध्ये अडलेली साइट एजमध्ये उघडून फारसं काही कळत नाही. फायरफॉक्समध्ये चालली, तर मात्र शोध कुठे घ्यायचा ते कळतं. आयफोनवर तर आपल्याकडे क्रोमही आतून वेबकिटच. संगणक कोणता, रॅम किती, काम काय आणि कुठे अडतं, एवढं लिहा.

इतवारी, कर सल्लागार

दोन ब्राउझर ठेवा: रोजचा एक, सरकारी पोर्टलांसाठी दुसरा. पोर्टलच्या ब्राउझरमध्ये एकही एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) नको आणि त्या साइटपुरते पॉप-अप चालू ठेवा, कारण पावती किंवा पीडीएफ बरेचदा नव्या खिडकीत उघडते आणि गुपचूप अडवली जाते.

जीएसटी पोर्टलवर डीएससीने (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राने) सही होत नसेल, तर आधी एमसाइनर हा सहीचा प्रोग्रॅम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने सुरू करा. तरी जोडणी झाली नाही, तर एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१:१५८५ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत नव्या टॅबमध्ये उघडा, 'सुरक्षित नाही' अशी सूचना आली की 'ॲडव्हान्स्ड' दाबून पुढे जा आणि पोर्टलचं पान रिफ्रेश करा. एमसाइनर तुमच्याच संगणकावर छोटा सर्व्हर चालवतो. त्याच्या प्रमाणपत्रावर ब्राउझरचा भरवसा नसतो, म्हणून ही मंजुरी. क्रोममध्ये दिलेली मंजुरी फायरफॉक्सला चालत नाही, तिथे वेगळी द्यावी लागते. अशी सूचना दुसऱ्या कुठल्याही साइटवर आली, तर मात्र पुढे जाऊ नका.

प्रतापनगर, घरचा जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की यूट्यूब लावताच पंखा घोंघावतो. दोष बहुतेकदा ब्राउझरच्या नावात नसतो. यूट्यूब व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ स्वरूपात पाठवतं. इंटेलच्या सातव्या पिढीआधीच्या बहुतेक चिपांना व्हीपी९ उलगडायला पुरती हार्डवेअर मदत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम://जीपीयू टाइप करा आणि 'व्हिडिओ डीकोड'समोर काय लिहिलंय ते वाचा. एच२६४इफाय (h264ify) हे एक्स्टेन्शन लावलं की जुनं एच.२६४ स्वरूप येतं आणि चिप ते सहज पेलते. मोबदल्यात १०८०पीच्या वर चित्र मिळत नाही. या स्क्रीनला तेवढं पुष्कळ झालं.

रॅमसाठी एजमधले 'स्लीपिंग टॅब्स' किंवा क्रोममधला 'मेमरी सेव्हर' चालू करा. झोपवलेला टॅब परत उघडताना पान नव्याने लोड होऊ शकतं आणि पोर्टलवर मग पुन्हा लॉगिन करावं लागतं. म्हणून पोर्टलचा पत्ता अपवादांत टाका. कोणता टॅब रॅम खातोय ते शिफ्ट+एस्केपने दिसतं.

महाल, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान

विंडोज ७ असेल तर क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३च्या जानेवारीतली. त्यावर बँकेचं काम करू नका, बाप्पा! तिथे फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) चालतो, पण तोही तात्पुरता आधार समजा.

गिऱ्हाइकाचा फॉर्म गेस्ट विंडोत भरा. ती बंद केली की लॉगिन आणि कुकीज जातात. डाउनलोड झालेलं आधार कार्ड मात्र डाउनलोड्स फोल्डरमध्ये राहतंच, ते हाताने काढा.

धंतोली

जाहिराती अडवायच्या तर फायरफॉक्स घ्या. क्रोमने २०२५मध्ये मॅनिफेस्ट व्ही२ या जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद केली आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन गेलं. त्याची लाइट आवृत्ती क्रोमवर चालते, पण तिचे हात बांधलेले आहेत. फायरफॉक्सवर पूर्ण आवृत्ती आहे, अँड्रॉइड फोनवरसुद्धा.

इतवारी, वरचाच कर सल्लागार

धंतोलीकर, क्रोम सोडताना पासवर्ड हलवायचे असतील तर एक सांगून ठेवतो. क्रोम ते सीएसव्ही फाइलमध्ये काढून देतो आणि ती फाइल कोणीही नोटपॅडमध्ये वाचू शकतो. ऑफिसच्या सामायिक संगणकावर हे करूच नका. घरी केलं, तर फायरफॉक्समध्ये पासवर्ड आले का ते तपासा आणि लगेच शिफ्ट+डिलीटने फाइल उडवा. नुसतं डिलीट केलं, तर ती रिसायकल बिनमध्ये पडून राहते.