नखुरड्याच्या ऑपरेशनचा खर्च: सोसायटी ग्रुपवरील चर्चा

डी-१०४, सकाळी ८.४०
सर्वांना नमस्कार. आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख दोन महिन्यांपासून मांसात रुतले आहे. काल म्हापशाच्या एका सर्जननी कडेचे नख काढावे लागेल असे सांगून ८,५०० रुपये खर्च सांगितला; माझ्या कार्यालयातील सहकाऱ्याचे हेच काम गेल्या वर्षी ३,००० रुपयांत झाले होते. आईचे वय ६८ आहे आणि तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आपल्यापैकी कोणी हे ऑपरेशन करून घेतले असल्यास किती खर्च आला ते कृपया कळवावे, म्हणजे आम्हाला अवाच्या सवा रक्कम सांगितली आहे की काय, याचा अंदाज येईल.

बी-२०२, सकाळी ९.०५
माझ्या यजमानांचे नख सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत काढले होते. ऑपरेशनचे पैसे लागले नाहीत. बाहेरून आणलेल्या गोळ्या आणि पट्टी मिळून २६० रुपये झाले.

ए-३०१, सकाळी ९.५०
भाऊ, रकमेची तुलना करण्याआधी दोन्ही ठिकाणी एकच काम होणार आहे का, हे विचारून घ्या, कारण ‘नख काढणे’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळी ऑपरेशने येतात आणि हे आम्ही दोनदा पैसे भरून शिकलो. आमचा मुलगा फुटबॉल खेळतो. पावसाळ्यात बूट वाळतच नाहीत, त्यात त्याचे नख रुतले आणि अंगठा पिकला. पहिल्या खासगी दवाखान्यात पूर्ण नख उपटून काढले. तपासणीचे ५००, ऑपरेशनचे २,५००, चार ड्रेसिंगचे प्रत्येकी २५० आणि औषधांचे ६४० असे एकूण ४,६४० रुपये झाले. दहा महिन्यांत नवे नख आले, आणि आले ते त्याच कडेने पुन्हा मांसात शिरले, कारण नख ज्या मुळापासून वाढते ते मूळ जागच्या जागी होते.

दुसऱ्या वेळी मडगावला पायांच्या विकारांचे काम करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगठ्याच्या बुडाशी भुलीची दोन इंजेक्शने दिली, रक्त थांबावे म्हणून रबरी पट्टी आवळली, नखाची केवळ रुतलेली कड उभी कापून काढली आणि मग काडीवरच्या कापसाने त्या फटीत, मुळाशी, फिनॉल चोळले. (हे फरशी पुसण्याचे फिनेल नव्हे, ते तीव्र औषध असते आणि भोवतालची कातडी भाजू नये म्हणून तिला आधी व्हॅसलीन लावतात.) त्यामुळे त्या कडेचे मूळ मरते आणि तेवढी पट्टी सहसा पुन्हा उगवत नाही. जखम मात्र तीन आठवडे पाझरत राहिली, आणि फिनॉलनंतर असे होतेच, हे त्यांनी आधीच बजावले होते. दोन ड्रेसिंग धरून ६,००० आणि औषधांचे ४२० रुपये झाले. आता तीन वर्षे अंगठा चांगला आहे. एकाच नखासाठी आमचे एकूण ११,०६० रुपये गेले, आणि त्यातले पहिले ४,६४० वाया गेले असे मी मानते.

आणखी एक गोष्ट मला आजही खटकते. पहिल्या दवाखान्यात रक्कम सांगितली ती भूल दिल्यानंतर. मुलगा पाय लांब करून झोपलेला, अंगठा बधिर. त्या अवस्थेत कोणती आई उठून निघून जाईल? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत, डॉक्टरांनी आपले शुल्क फलकावर लावावे आणि उपचार सुरू होण्यापूर्वीच सांगावे, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा विचारायला संकोच करू नका. कड काढणार की पूर्ण नख, मुळाला औषध लावणार का, ड्रेसिंग किती धरली आहेत आणि नख पुन्हा रुतले तर पुन्हा पूर्ण शुल्क घेणार का, एवढे तरी विचाराच.

आईंना मधुमेह असल्यामुळे पायातील रक्तप्रवाह आणि संवेदना आधी तपासणे आवश्यक आहे. त्यासाठी हजार-दीड हजार जास्त लागले तरी मी ते जास्त म्हणणार नाही. रक्तपुरवठा कमी असेल तर ही छोटी जखमही भरत नाही. तोपर्यंत घरी कोणी नख कोरू नये, आणि पाय शेकायचाच असेल तर पाणी दुसऱ्याने हात घालून पाहावे, कारण मधुमेहामुळे आईंना चटका कळेलच असे नाही.

सी-४०३, सकाळी १०.३०
मी विमा कंपनीतून निवृत्त झालो आहे, म्हणून सांगतो. चोवीस तास दाखल न होता केलेल्या शस्त्रक्रियेचा क्लेम ‘डे केअर’खाली मिळतो हे खरे असले, तरी जे उपचार एरवी ओपीडीतच होतात ते त्या व्याख्येतून वगळलेले आहेत, आणि नखाचे ऑपरेशन बहुधा त्यातच मोडते. ओपीडीचे वेगळे संरक्षण घेतलेले असेल तरच आशा धरा. आपल्या गोवा राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांचे संरक्षण देते. पण तीही ठरवून दिलेल्या उपचारांच्या यादीवर चालते, तेव्हा कार्ड आहे म्हणून नखाचे पैसे सुटतील असे गृहीत धरू नका. एका नखासाठी आईंना उगाच रात्रभर दाखल करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही मानू नका.

बी-३०४, सकाळी ११.१५
ए-३०१ वहिनींचे म्हणणे अगदी बरोबर आहे. माझी मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीत, दवाखान्यांच्या बिलांच्या कामात आहे. तिथे ही दोन कामे बिलावरच वेगळी असतात: नुसते नख काढले तर संकेतांक ११७३० आणि मुळासह कायमचे काढले तर ११७५०. मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नियमाप्रमाणे ११७५० च्या शुल्कात ऑपरेशननंतरच्या दहा दिवसांच्या भेटी धरलेल्या असतात, ११७३० च्या शुल्कात नसतात. आपल्याकडच्या पावतीवर मात्र ‘नखाची शस्त्रक्रिया’ एवढेच लिहितात, मग दोन पावत्या ताडून पाहायच्या तरी कशा?

डी-१०४, संध्याकाळी ६.२०
सर्वांचे मनापासून आभार. देव बरें करूं. दुपारी दवाखान्यात फोन केला. ८,५०० रुपयांत कड काढणे, मुळाला फिनॉल, पायाची डॉपलर (रक्तप्रवाहाची) तपासणी आणि तीन ड्रेसिंग धरलेली आहेत, औषधे वेगळी. साखरेचा तीन महिन्यांच्या सरासरीचा अहवाल पाहिल्याशिवाय तारीख देणार नाही, असेही डॉक्टर म्हणाले. सहकाऱ्याला विचारले, तर मुळाला काही लावल्याचे त्याला आठवत नाही. खर्चाचा तपशील उद्या कागदावर लिहून मिळणार आहे. तो आला की नावे झाकून ग्रुपवर टाकतो.