ब्रास पंचकाला चेंबर संगीत का म्हणावे?

प्रश्न: मी डब्लिनमध्ये राहतो. येथील काही तरुण वादकांचे ब्रास पंचक (पितळी फुंकवाद्यांचा पाच जणांचा संच) चेंबर संगीताचा, म्हणजे छोट्या दालनात मोजक्या वादकांनी वाजवायच्या पाश्चात्त्य संगीताचा, प्रसार करते, हे कळल्यावर नवल वाटले. कारण ट्रम्पेट म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर लग्नाची वरातच येते. एवढी दणदणीत वाद्ये छोट्या दालनात शोभतात का?

उत्तर १: चेंबर संगीताची खूण हळू आवाज ही नसून, प्रत्येक वादकाकडे स्वरांची स्वतंत्र ओळ असणे आणि समोर हाताने इशारे देणारा संगीत-संचालक नसणे ही होय. दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्युबा हे पाचजण एकमेकांच्या श्वासावर सुरुवात करतात.

उत्तर २: खरी अडचण रचनांची आहे. ट्रम्पेट आणि हॉर्नवर सगळे स्वर सहज वाजवू देणाऱ्या व्हॉल्व्हचे (कळ दाबून चालणाऱ्या झडपांचे) पेटंट १८१८ मधले, म्हणजे तंतुवाद्यांच्या चतुष्कासाठी भरभरून लिहिणारे संगीतकार हायडन यांच्या निधनानंतरचे. त्यामुळे तंतुवाद्यांच्या चतुष्काला लाभलेले भांडार ब्रासच्या वाट्याला आले नाही. रशियातील पीटर्सबर्गचे स्थापत्य अभियंते व्हिक्टर एवाल्ड यांची पंचके (पाच वाद्यांसाठीच्या रचना) आणि ब्रिटिश संगीतकार माल्कम अर्नोल्ड यांचे १९६१ चे पंचक यांवरच बरीच भिस्त असते. तरुण संचांना नव्या रचना लिहून घेतल्यावाचून गत्यंतर नाही, आणि मला तरी तेच काम अधिक मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ता: आभार. वादक मध्येच वाद्याच्या नळीची कळ दाबून जमिनीवर जे सांडतात, ती थुंकी असते का?

उत्तर १: बहुतांशी श्वासातील वाफेचे पाणीच असते. पहिल्या रांगेत निर्धास्त बसावे.