घोंगडीच्या विणीचा गालिचा बनवून घ्यायचाय, नक्षी काय सांगू?

कोथरूडकर:
हॉलसाठी ६ बाय ८ फुटांचा लोकरी गालिचा हवाय. भदोहीचे गाठी मारलेले पाहिले, देखणे आहेत, पण आमच्या साध्या पांढऱ्या भिंतींच्या घरात वेलबुट्टी नको वाटते. सांगोल्याकडचे एक विणकर दख्खनी मेंढीच्या लोकरीत विणून द्यायला तयार आहेत. मी त्यांना मोठ्या वर्तुळांचं एक चित्र पाठवलं, तेव्हापासून ते गप्पच आहेत. अडतंय कुठे? आणि ही लोकर पायाला टोचेल का?

माणदेशी:
आमचं घर सणगरांचं, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांचं. सासरे अजून मागावर बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्तुळ अडतं ते मागात. खड्डामागावर धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारी नळी, या काठापासून त्या काठापर्यंत जातो. आडवे पट्टे हवे असतील तर धोटा बदलला की झालं. वर्तुळात मात्र दर ओळीला रंग बदलायची जागा सरकते. तिथे दुसरं सूत हाताने घालायचं, दोन्ही धागे एकमेकांत अडकवायचे, परत फिरवायचे. जोधपूरजवळ सालावासला पंजा दऱ्या, म्हणजे सतरंज्या, अशाच विणतात, पण त्यांचा हात त्यात बसलेला आहे. आमच्याकडे तेच करायला सांगितलं तर दिवस मोडतात आणि वीणही ढिली पडते.

मग नवेपणा आणायचा कुठून? रंगांच्या मापातून आणि जोडातून. काळा, करडा, पांढरा हे मेंढीचेच रंग, रंगवायची गरज नाही. मागाचा पन्हा अरुंद, त्यामुळे ६ फुटांसाठी पट्ट्या जोडाव्याच लागतात. आम्ही एका गालिच्यात जोडावरचे पट्टे मुद्दाम जुळवले नाहीत, मधली पट्टी वीतभर खाली सरकवली. काळ्यात पांढऱ्याची एकच रेघ, ती जोडापाशी तुटते आणि खाली पुन्हा सुरू होते. सासऱ्यांनी ती स्वतःच्या हाताने शिवली. मला तो गालिचा कुठल्याही छापील नक्षीपेक्षा आवडतो.

टोचण्याचं म्हणाल तर हो, ही लोकर जाडीभरडी आहे. त्यातून ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, चिंचोक्याची खळ असते, म्हणून नवं घोंगडं कडक लागतं. धुण्यात खळ निघत जाते तसं ते मऊ पडतं. लहान मूल रांगणार असेल तर वरच्या भागाला जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मागा. ती महाग पडते.

जतकर:
ताईंनी बरोबर सांगितलं. आमच्याकडे कातरणावळ परवडत नाही म्हणून कातरलेली लोकर रानात टाकून देतात. मटणाला भाव आहे, त्यामुळे बरेच जण माडग्याळ मेंढीकडे वळले, तिला लोकर बेताचीच. अशी गिऱ्हाइकं वाढली तर काळी दख्खनी मेंढी कळपात राहील. जरूर घ्या.

ऊन-सावली:
दोनच गोष्टी. घेताना सुटा धागा जाळून पाहा: लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टरची वितळून गोळी होते. आणि मशिनमध्ये अजिबात टाकू नका, आटून जाड होईल. गार पाणी आणि रिठा. कसर लागू नये म्हणून अधूनमधून उलटसुलट करून झटका.

कोथरूडकर:
वर्तुळं रद्द. त्यांच्याकडे जाऊन सूत बघतो आणि पट्ट्यांची मापं तिथेच बसून ठरवतो. आगाऊ किती द्यावेत?

माणदेशी:
लोकर आणि कताई, दोन्हींचे पूर्ण पैसे आधी द्या. कातणाऱ्या बायकांना रोखीने द्यावे लागतात, ते विणकराच्या खिशातून जायला नकोत. विणायची मजुरी गालिचा हातात आल्यावर दिलीत तरी चालेल.