उपाशीपोटीची साखर उतरत नाही आणि घरी बोलणी खावी लागतात

प्रश्न:
मला टाइप २ मधुमेहाचे निदान होऊन चार वर्षे झाली. मेटफॉर्मिनची गोळी नियमित घेते, रात्री केवळ एक ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाते, तरीही सकाळची साखर १६० च्या खाली येत नाही आणि या वेळचे एचबीए१सी (रक्तातील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.६ टक्के आले. मी चोरून गोड खात असणार, असे घरचे म्हणतात. आता ग्लुकोमीटर हातात घेण्याचीच भीती वाटते. आपण हे कसे निभावता?

उत्तर १:
ताई, पहाटे काही संप्रेरके वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडते, त्यामुळे रात्री कमी जेवूनही सकाळचा आकडा चढा राहू शकतो. तेवढ्यावरून चोरून खाल्ल्याचा आरोप करणे अन्यायाचे आहे. गोळीची मात्रा मात्र स्वतःहून वाढवू नका. आठवडाभर उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतर दोन तासांच्या नोंदी वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.

उत्तर २:
मी यजमानांना तपासणीला सोबत नेले आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावरच घरातील टोमणे थांबले. माझी स्वतःची चूक उपवासाच्या दिवशी होत असे, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले!

उत्तर ३:
रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे चालून पाहा. भीती फारच वाटत असेल, तर तीही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तुमचा प्रामाणिकपणा नव्हे.

प्रश्नकर्ती:
वही आजच आणते. पुढच्या तपासणीला सासूबाईंनाही सोबत नेईन.