मदत हवी आहे: स्पीड टेस्ट चांगली येते, पण संध्याकाळी क्लासमध्ये आवाज मागे पडतो (वडगाव, बेळगाव)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहते. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मराठी माध्यमाच्या मुलांना संध्याकाळी सात ते साडेआठ ऑनलाइन गणित शिकवते. अकरा मुलं आहेत, बहुतेक खानापूर तालुक्यातली: नंदगड, जांबोटी, गर्लगुंजी. पावसाळ्यात त्या बाजूनं रोज बेळगावला येणं-जाणं पोरांना झेपत नाही, म्हणून हा क्लास सुरू केला.

गेले तीन आठवडे क्लास धड होत नाही. मी विचारते, "या वर्गसमीकरणाची मुळं किती आली?" सगळे गप्प. वाट बघून मी पुढं बोलायला लागते आणि नेमकं तेव्हाच त्यांचं उत्तर येऊन धडकतं. मग आम्ही एकदम थांबतो, पुन्हा एकदम बोलतो. काल नंदगडची मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा हात पुढच्या ओळीवर असतोय आणि आवाज मागच्या ओळीचा येतोय." मार्चमध्ये यांची परीक्षा आहे. फार जीव तुटतो हो.

केबलवाल्याकडचा माणूस दोनदा येऊन गेला. ४० एमबीपीएसचा (सेकंदाला ४० मेगाबिट) प्लॅन आहे. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड ३८ आणि अपलोड २० दाखवतं. तो म्हणतो, "स्पीड येतोय की मॅडम, मग तक्रार कसली?"

मी स्वतः एवढं केलंय. लॅपटॉप वायरने राउटरला जोडला, कारण गल्लीतल्या मागांच्या मोटारींमुळं वायफाय बिघडतं असं सासऱ्यांचं म्हणणं. राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग केलं (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं) तर सतत १ मिलिसेकंद. ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर गूगलच्या सर्व्हरला, सकाळी ११ वाजता २८ ते ३०. संध्याकाळी सव्वासातला तेच ४१० ते ४५०. ट्रेसरूट, म्हणजे वाटेतल्या एकेका यंत्रापर्यंत लागणारा वेळ, काढला तर पहिला टप्पा १, दुसरा (१०० ने सुरू होणारा पत्ता) ४००, पुढचे सगळे तसेच चारशेच्या वर. चौथ्या टप्प्यावर नुसत्या तारका.

मिस्टर म्हणतात, आपण राज्याच्या टोकाला, लाइन बेंगळूरला जाऊन परत मुंबईकडं येत असणार, म्हणून उशीर. हे खरं असेल का? तसं असेल तर मी काय करणार? घरात खाली दिरांचा फोटो स्टुडिओ आहे, तो पण याच कनेक्शनवर चालतो. कुठून शोधायला सुरुवात करू?

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, निम्मं काम तुम्ही आधीच केलंय. राउटरपर्यंत १ मिलिसेकंद, म्हणजे माग आणि वायफाय दोन्ही सुटले. मुलांकडचं वायफाय वेगळं, पण सगळ्याच मुलांना त्रास होतोय म्हटल्यावर दोष तुमच्या टोकाला आहे.

अंतराचा हिशेब असा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. बेळगाव ते बेंगळूर पाचशे किलोमीटर धरा, तिथून मुंबई हजार. दीड हजार किलोमीटर जाऊन परत यायला १५ मिलिसेकंद. वाट अशी फिरत असली तरी सकाळचे २८ त्यात बसतात. चारशे बसत नाहीत. आणि अंतर सकाळी कमी, संध्याकाळी जास्त होत नाही.

तारकांची काळजी नको. काही राउटर अशा चौकशीला उत्तरच देत नाहीत, पुढचे टप्पे दिसतायत ना, झालं. महत्त्वाचं हे की उडी दुसऱ्या टप्प्यावर आहे आणि शेवटपर्यंत टिकते. म्हणजे गाठ तुमचा राउटर आणि केबलवाल्याचं पहिलं यंत्र यांच्यामध्येच कुठंतरी आहे.

आता विचारतो ते स्टुडिओचं. भाऊजी संध्याकाळी लग्नाचे व्हिडिओ कुठं चढवतात का? तुमचा अपलोड २० चा आहे. मोठी फाइल चढत असली की तो पूर्ण भरतो आणि जास्तीचा माल राउटर स्वतःच्या साठ्यात रांगेत ठेवतो. त्या रांगेत नुसतं एक मेगाबाइट साठलं तरी ते ८ मेगाबिट, २० च्या वेगाने बाहेर पडायला ०.४ सेकंद. तुमचे ४०० मिलिसेकंद! तुमच्या आवाजाचं एवढंसं पाकीट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. स्पीड टेस्टला हे दिसत नाही, कारण ती किती माल गेला ते मोजते. तो किती वेळ थांबला, हे बहुतेकदा ठळक दाखवत नाही.

आज क्लासच्या वेळी एक करा. पिंग ८.८.८.८ लिहून पुढं हायफन टी लावा, म्हणजे ते थांबणार नाही. ते चालू ठेवून स्टुडिओच्या कॉम्प्युटरची वायर काढा. आकडा लगेच पडला तर चोर घरातच आहे. नाही पडला तर घरातले सगळे फोनसुद्धा वायफायवरून काढा. फोटोंचा बॅकअप हा दुसरा मोठा चोर, आणि माणसं घरी आली की संध्याकाळीच तो सुरू होतो. तरीही पडला नाही, तर मात्र केबलवाल्याची लाइन संध्याकाळी भरतेय.

धागाकर्ती

दादा, केलं. सव्वासातला ४३०. खाली जाऊन दिरांना सांगून वायर काढली, वर येईपर्यंत ३४! पुन्हा जोडली तर चार-पाच ओळींत परत चारशेच्या घरात. दिवसभर एडिट केलेले व्हिडिओ ते सात वाजता चढवायला लावतात आणि जेवायला जातात. त्यांना बिचाऱ्यांना याची कल्पनाच नव्हती.

पण नऊच्या सुमारास सगळं काढून, फक्त लॅपटॉप वायरवर ठेवून मोजलं तरी ८० ते ९० येतंय. आणि त्यांचं काम तर मी थांबवू शकत नाही, लग्नाचा सीझन आहे.

प्रतिसाद, निपाणीहून

थांबवायचं नाहीच, फक्त वेग बांधायचा. ज्या प्रोग्रॅमने ते चढवतात त्याच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा मिळते का बघा. आकडा किलोबाइटमध्ये असेल तर १८०० घाला, म्हणजे १४-१५ एमबीपीएस. पाचाएक एमबीपीएस मोकळे राहिले की रांग लागतच नाही. पुढं-मागं राउटर घ्यायचा झाला तर एसक्यूएम (अशी रांग साचू न देणारी सोय) असलेला घ्या, तो सगळ्या यंत्रांसाठी हे आपोआप सांभाळतो.

नऊचे ८०-९० मात्र केबलवाल्याकडचे. क्लासला तेवढं चालून जाईल, पण सोडू नका. असंच सगळं काढून तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला दुसऱ्या टप्प्याचा आकडा लिहून ठेवा. "नेट स्लो आहे" म्हटलं की तो स्पीड टेस्ट दाखवतो. तारीख-वेळेसकट हा कागद दिला की त्याला लाइन तपासावी लागते.

धागाकर्ती

१८०० लावलं. आज व्हिडिओ चढत असताना क्लासमध्ये ३५ ते ४५. जांबोटीच्या मुलाने माझं गणित मध्येच तोडून चूक दाखवली आणि ती मला वेळेवर ऐकू आली.

नऊचे आकडे वहीत लिहायला घेतलेत. तक्रार कन्नडमधून लिहून देणार आहे, इथल्या ऑफिसात ती लवकर हलते. शेजारच्या अक्का मदत करतायत. शनिवारी दिरांना दोन लग्नांचं काम एकदम पाठवायचंय, तेव्हा पुन्हा मोजून इथंच लिहिते.